मिक्श्चरचा स्क्रू कितीही फिरवला तरी पद्मिनी स्लोवर उभी राहत नाही

पद्मिनी८५, धरमपेठ

नमस्कार. माझ्याकडे १९८५ची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळ १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि त्यावर हवा-पेट्रोल मिसळून देणारा सोलेक्सचा ३२ मिलिमीटरचा कार्बोरेटर. आठवड्यातून दोनदा कॉलेजला आणि रविवारी सकाळी फुटाळ्यापर्यंत, एवढाच तिचा प्रवास असतो. मार्चमध्ये पिकअप देताना गाडी अडखळू लागली, म्हणून शहरातील एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर खोलून साफ करून घेतला आणि त्यात नवीन किट टाकून घेतले. अडखळणे थोडे कमी झाले, पण तेव्हापासून गाडी स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर, उभी राहत नाही. व्हेरायटी चौकात सिग्नलला थांबले की इंजिनाचा आवाज वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला इंजिन बंद पडते.

तक्रार केल्यावर मिस्त्रींनी थ्रॉटलचा स्क्रू आत घेऊन रेस वाढवून दिली. आता गाडी बंद पडत नाही, मात्र टॅकोमीटर लावून पाहिला तर उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे मिनिटाला १२००च्या आसपास आहेत आणि किल्ली बंद केल्यावरही इंजिन तीन-चार सेकंद गुरगुरत राहते. मी स्वतः मिक्श्चरचा, म्हणजे स्लोवर हवेत मिसळणारे पेट्रोल कमी-जास्त करणारा, स्क्रू पूर्ण आत नेऊन पाहिला, चार फेरे बाहेर काढून पाहिला. इंजिनाच्या आवाजात काडीचाही फरक पडला नाही. हा त्रास दुपारी जास्त जाणवतो, पण सकाळी सात वाजताही असतोच. प्लग आणि पॉइंट जानेवारीत बदलले आहेत. प्लग काढून पाहिले तर चारही कोरडे आणि पांढरट दिसतात. मागच्या आठवड्यात पीयूसी काढले, ते मात्र व्यवस्थित पास झाले: कार्बन मोनॉक्साइड ०.४ टक्के आणि हायड्रोकार्बन १३८० पीपीएम.

कार्बोरेटर संपला असे समजून नवीन घ्यावा, की हा केवळ ट्यूनिंगचा प्रश्न आहे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

कामठी रोडवाला

ताई, नागपूरच्या मे महिन्यात हा त्रास प्रत्येक जुन्या गाडीला होतो. पारा ४५च्या वर गेला की इंजिनाला चिकटून बसलेला पेट्रोल पंप इतका तापतो की नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पुढे पेट्रोल जात नाही. आमच्याकडे टॅक्सी होती तेव्हा वडील डिकीत पाण्याची बाटली आणि एक सुती फडके ठेवत असत, आणि गाडी बंद पडली की ओले फडके पंपावर गुंडाळून दहा मिनिटे सावलीत उभे राहत. आपणही एकदा करून पाहा. स्क्रूला हात लावू नका.

निवृत्त वर्कशॉप फोरमन, महाल

ओल्या फडक्याचा उपाय खरा आहे आणि मीही तो असंख्य वेळा केला आहे, पण तो या गाडीचा उपाय नव्हे. पेट्रोलची वाफ धरणारी गाडी चालता चालता गुदमरते, चढावर किंवा लांबच्या प्रवासात दम सोडते आणि थंड झाली की निमूट चालू लागते. सकाळी सात वाजता, इंजिन धड तापलेलेही नसताना, आवाज वर-खाली होत असेल तर दोष उष्णतेचा नाही. उष्णतेमुळे तो दुपारी जास्त उघडा पडतो, एवढेच.

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतःच लिहिले आहे आणि ते पीयूसीच्या कागदावर आहे. आपल्या वयाच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे, म्हणून यंत्राने गाडी पास केली. पण हे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात. पेट्रोल जास्त जात असेल तर ते अर्धवट जळते आणि मोनॉक्साइड वाढतो. येथे तो ०.४ आहे, म्हणजे कार्बोरेटरच्या गाडीसाठी फारच कमी, आणि तरीही हायड्रोकार्बन जवळजवळ मर्यादेला टेकले आहे. याचा अर्थ मिश्रणात हवा इतकी जास्त आहे की काही ठिणग्या वाया जातात आणि न जळलेले पेट्रोल तसेच सायलेन्सरमधून बाहेर पडते. पांढरे प्लग हेच सांगतात. चारही प्लग सारखेच पांढरे आहेत, त्यामुळे दोष एका सिलिंडरचा नसून सगळ्यांना मिळणाऱ्या मिश्रणाचा आहे.

आता स्क्रूने फरक का पडत नाही ते पाहू, कारण सगळी गोम तिथे आहे. सोलेक्समध्ये थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाकडे जाणारी वाट उघडझाप करणारी, चकती मिटलेली असताना तिच्या काठाच्या खालच्या बाजूला एक छिद्र असते आणि मिक्श्चरचा स्क्रू फक्त त्याच छिद्रातून येणारे पेट्रोल कमी-जास्त करतो. काठाला लागून किंचित वर आणखी बारीक छिद्रे असतात. पायाने ॲक्सिलरेटर दाबायला सुरुवात केली की चकतीचा काठ त्यांच्यावरून सरकतो आणि तेथूनही पेट्रोल येऊ लागते, म्हणजे स्लोवरून मेन जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य बारीक छिद्रावर) जाताना गाडी झटका खात नाही. आपल्या मिस्त्रींनी थ्रॉटलचा स्क्रू आत घेऊन चकती इतकी उघडी ठेवली आहे की ती वरची छिद्रे कायमची उघडी पडली असावीत, आणि त्या छिद्रांवर मिक्श्चरच्या स्क्रूचा काहीही ताबा नसतो. किल्ली बंद केल्यावरचे गुरगुरणेही त्यातलेच आहे: उघड्या चकतीतून हवा-पेट्रोल जात राहते आणि आत तापून लाल झालेला कार्बन ठिणगीचे काम करतो.

मिस्त्रींना चकती एवढी उघडावी का लागली, हा खरा प्रश्न आहे. बहुधा कोठून तरी चोरटी हवा आत जात असावी. चाळीस वर्षांच्या सोलेक्समध्ये अशा दोन जागा मी सर्वांत आधी पाहतो. पहिली म्हणजे थ्रॉटलचा स्पिंडल, चकती ज्यावर फिरते तो दांडा. स्टीलचा दांडा नरम धातूच्या बॉडीत चाळीस वर्षे फिरला की भोक अंडाकृती होते. दुसरी म्हणजे खालची फ्लॅन्ज, कार्बोरेटर इंजिनावर बसतो ती सपाट कड. ती दोन नटांवर बसते आणि प्रत्येक ओव्हरहॉलला कोणीतरी ‘आणखी थोडे’ म्हणून नट कसतो, त्यामुळे दोन्ही कान खाली वाकतात आणि मधली बाजू कमानीसारखी उचलली जाते. नवीन पॅकिंग टाकले तरी ती फट भरत नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिन सुरू ठेवून स्पिंडलच्या दोन्ही टोकांवर पिचकारीने इंजिन ऑइलचे दोन-दोन थेंब सोडा आणि नंतर फ्लॅन्जच्या सांध्याभोवतीही सोडा. तेलाने फट क्षणभर बुजली आणि आवाज बदलला की जागा सापडली. काही लोक येथे पेट्रोल किंवा स्प्रे मारतात. कृपया तसे करू नका; तापलेल्या एक्झॉस्टजवळ भडका उडायला वेळ लागत नाही. जवळ इंजिनाची हवेची ओढ मोजणारे व्हॅक्यूम गेज असेल तर फारच उत्तम: समुद्रसपाटीला चांगले इंजिन स्लोवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवते आणि नागपूर सुमारे हजार फुटांवर असल्याने येथे एक इंच कमी धरायचा. काटा स्थिर पण खाली राहिला तर हवेची गळती किंवा मागे पडलेले ठिणगीचे टायमिंग, आणि ठरावीक तालात झटका देत असेल तर व्हॉल्व्हकडे पाहायचे.

हे होईपर्यंत नवीन कार्बोरेटरचा विचार करू नये. बाजारात जे ‘नवीन’ म्हणून मिळते त्यातील बरेचसे जेटच्या बाबतीत भरवशाचे नसते आणि आपला मूळ सोलेक्स दुरुस्त होण्यासारखा आहे.

जुनी अँबी, प्रतापनगर

माझ्या अँबेसॅडरला एसयू कार्बोरेटर आहे आणि त्यात हे सारे फार सोपे असते. बाजूची पिन किंचित वर दाबून पिस्टन एक मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसू लागले तर पेट्रोल कमी, आणि क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आला तर मिश्रण बरोबर. ताईंनीही हीच परीक्षा करून पाहावी असे सुचवतो.

निवृत्त वर्कशॉप फोरमन, महाल

एसयूमध्ये पिस्टन वर-खाली होऊन हवेची वाट स्वतःच लहान-मोठी करतो, म्हणून ती परीक्षा शक्य होते. सोलेक्समध्ये तसा पिस्टनच नाही. त्याचे गळ्याचे माप कायमचे आणि जेटही कायमचे. त्यामुळे पद्मिनीत कान, प्लगचा रंग आणि पीयूसीचे यंत्र यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

रसायनशास्त्राचा मास्तर, अमरावती रोड

काकांच्या निदानाशी मी सहमत आहे, मात्र त्यात एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. सध्या पंपांवर मिळणारे पेट्रोल हे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते आणि ताईंची गाडी तयार झाली तेव्हा असे इंधन कोणाच्या स्वप्नातही नव्हते. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलच्या एका किलोला केवळ ९ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण १३.५ किलो हवा पुरेशी होते. म्हणजे जेट तोच, हवा तीच, आणि तरीही मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी हवेकडे झुकते. आधीच चोरटी हवा खाणाऱ्या इंजिनाला हे आठ टक्के जड जातात.

इथेनॉलचा दुसरा गुण म्हणजे ते जुन्या टाकीतील साचलेली घाण सोडवते आणि ती बारीक होऊन नेमकी स्लोचे पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटमध्ये अडकते. तिसरा म्हणजे जुन्या रबराची नळी व डायफ्रॅम (पातळ पडदा) त्याने फुगतात. पिकअपला अडखळण्याची मूळ तक्रार कदाचित पाय दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या ॲक्सिलरेटर पंपाच्या डायफ्रॅमची असेल. किटमधले रबर कोणत्या प्रतीचे होते, हे विचारून घ्यावे. पायलट जेट एक नंबर मोठा टाकावा असे मला वाटते.

निवृत्त वर्कशॉप फोरमन, महाल

सर, रसायनाचे आपले गणित मला मान्य आहे, पण जेट आत्ताच बदलू नये. गळती असताना मोठा जेट टाकला तर दोन चुका एकमेकींना झाकतील आणि पुढे कोणी स्पिंडल दुरुस्त केला की गाडी काळा धूर सोडू लागेल. आधी गळती बंद करावी आणि मग गरज उरली तरच जेटकडे जावे. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शतांशात असतो, ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर, यावरून थोडाही फरक किती मोठा ठरतो ते लक्षात येईल. जेटमध्ये तार घालून साफ करण्याची सवय तर कोणी लावूच नये. फुंकून किंवा हवेच्या प्रेशरने साफ होत नसेल तर जेट बदलायचा.

पद्मिनी८५, धरमपेठ

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे तेलाची तपासणी केली. स्पिंडलच्या केबलकडच्या टोकावर थेंब सोडताच इंजिनाचा आवाज बदलला, डगमग थांबली आणि तेल आत ओढले गेल्याने पाचेक सेकंदांनी सायलेन्सरमधून निळसर धूर आला. दुसऱ्या टोकावर विशेष काही झाले नाही. फ्लॅन्जवरही थोडा फरक जाणवला. मग कार्बोरेटर उतरवून फ्लॅन्जवर स्टीलची पट्टी आडवी धरली तर मधोमध फट होती आणि तिच्यातून ०.२५ मिलिमीटरची फिलर पट्टी आरामात गेली.

कॉटन मार्केटजवळच्या एका लेथवाल्यांनी स्पिंडलची दोन्ही भोके मोठी करून त्यांत पितळेचे बुश बसवून दिले. फ्लॅन्ज मी घरीच जाड काचेवर पॉलिश पेपर पसरवून, पाणी लावून, आठाच्या आकारात घासली. दोन संध्याकाळी लागल्या आणि वडिलांनी स्टुलावर बसून देखरेख केली. आता सेटिंग नेमके कोणत्या क्रमाने करावे?

निवृत्त वर्कशॉप फोरमन, महाल

ताई, काम उत्तम केले आहे. आठाच्या आकारात घासणे पुष्कळ मिस्त्रीही विसरतात.

सेटिंगच्या आधी इग्निशन नक्की करून घ्या, कारण टायमिंग मागे असेल तर कार्बोरेटरचे कोणतेही सेटिंग टिकत नाही. प्लगची गॅप सुमारे ०.६ मिलिमीटर ठेवा. पॉइंटची गॅप मात्र डिस्ट्रिब्युटर कोणत्या कंपनीचा बसवला आहे यावर ठरते, त्यामुळे ऐकीव आकडा न घेता मॅन्युअल पाहा. टॅपेटची (व्हॉल्व्हची) गॅप एकदा थंड इंजिनावर तपासून घ्या. चोकची वायर पूर्ण परत जाते का, हेही बघा. या सोलेक्सचा चोक म्हणजे गळ्यातली झडप नाही, तर बाजूला फिरणारी एक चकती आहे, आणि ती अर्धवट उघडी राहिली तर स्लोवर सतत जादा पेट्रोल जात राहते आणि माणूस उगाच मिक्श्चरच्या स्क्रूला दोष देत बसतो.

कार्बोरेटर बसवण्यापूर्वी थ्रॉटलचा स्क्रू पूर्ण मागे घ्या आणि बॉडी उजेडासमोर धरून पाहा. चकतीच्या कडेने सगळीकडे सारखीच बारीक रेघ दिसली पाहिजे. एका बाजूला चंद्रकोर दिसत असेल तर चकतीचे दोन्ही स्क्रू सैल करून, चकती दाबून मध्यावर आणून पुन्हा कसा. मग थ्रॉटलचा स्क्रू नुसता टेकेपर्यंत आणून वर एक फेरा द्या. मिक्श्चरचा स्क्रू बोटांनी अलगद टेकवा आणि दीड फेरा बाहेर घ्या. तो कधीही जोराने कसू नका; त्याच्या टोकाला एकदा खाच पडली की पुढे कोणतेही सेटिंग बरोबर लागत नाही.

आता गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून आणा. गॅरेजमध्ये उभ्या उभ्या गरम केलेले इंजिन आणि रस्त्यावर चालून गरम झालेले इंजिन यांत फरक असतो. एअर फिल्टर जागेवर असू द्या, कारण तो काढून केलेले सेटिंग तो लावल्यावर बदलते. फेरे ८००वर आणा. मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू आत न्या. एका जागी इंजिन लंगडू लागेल, ती जागा लक्षात ठेवा. मग बाहेर काढत जा. फेरे वाढतील, आवाज गोल होईल आणि पुढे इंजिन जड, घुसमटल्यासारखे वाटू लागेल. या दोन जागांमध्ये जेथे वेग सर्वाधिक आणि आवाज सर्वांत सम असतो तेथे थांबा. आता फेरे वाढलेले असतील, ते थ्रॉटलच्या स्क्रूने पुन्हा ७५० ते ८००वर उतरवा आणि मिक्श्चर परत एकदा तपासा. दोन-तीन आळीपाळीच्या फेऱ्यांत दोन्ही स्क्रू जमून येतात. प्रत्येक वेळी अर्धे मिनिट थांबा. घाईने फिरवणाऱ्याला इंजिन उत्तर देत नाही.

हे काम संध्याकाळी करा. ४५ अंशांची दुपारची हवा डिसेंबरच्या पहाटेच्या १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे अकरा टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळे भर दुपारी जमवलेले मिश्रण थंडीत हवेकडे झुकते आणि पहाटे गाडी ठसकू लागते.

रसायनशास्त्राचा मास्तर, अमरावती रोड

शेवटी स्क्रू अष्टमांश फेरा आणखी बाहेर ठेवावा, असे मी सुचवेन. इथेनॉलच्या इंधनावर मिश्रण किंचित पेट्रोलकडे झुकलेले बरे.

निवृत्त वर्कशॉप फोरमन, महाल

यावर माझी हरकत नाही. पूर्वी मी उलट, अष्टमांश आत ठेवायला सांगत असे. पेट्रोल बदलले म्हणून सवय बदलावी लागली.

पद्मिनी८५, धरमपेठ

काल संध्याकाळी वाडीपर्यंत जाऊन आले आणि घरी येऊन सेटिंग केले. मिक्श्चरच्या स्क्रूला आता इंजिन उत्तर देते. पाऊण फेऱ्यावर लंगडते, अडीचवर घुसमटते आणि पावणेदोनच्या आसपास अगदी शांत चालते. सरांच्या सांगण्यावरून त्यापुढे अष्टमांश बाहेर ठेवला आहे. फेरे ७८० आहेत आणि किल्ली बंद करताच इंजिन थांबते. आज सकाळी पीयूसीवाल्यांना पैसे देऊन पुन्हा तपासणी करून घेतली: मोनॉक्साइड १.७ टक्के, हायड्रोकार्बन ३६०. ‘तुमची गाडी तर आधीच पास आहे, मॅडम, पुन्हा कशाला?’ असे म्हणून ते माझ्याकडे पाहतच राहिले. जेट बदलावा लागला नाही.

थंड इंजिनावर पिकअप देताना हलका झटका अजून आहे. एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर दाबला तर पंपाची धार एकदम न येता उशिरा आणि तुटक येते, तेव्हा डायफ्रॅमबद्दल सरांचे म्हणणे बरोबर असावे. तो मागवला आहे.

निवृत्त वर्कशॉप फोरमन, महाल

डायफ्रॅम बदलताना त्याच्या खालची झडप आणि छोटी गोळीही काढून साफ करा. बरेचदा डायफ्रॅम चांगला असतो आणि गोळी चिकटलेली असते. आणि फ्लॅन्जचे नट आठवड्याने एकदा पाहा, कारण नवीन पॅकिंग थोडे बसते. सैल वाटले तर दोन्ही नट आळीपाळीने, पाव फेऱ्याच्या आतच कसा. त्यापुढे हात गेला तर काचेवर घासलेल्या दोन संध्याकाळी वाया जातील.